एकटं आलेलं मूल घरी येतं तेव्हा

नमस्कार मंडळी.

बडोद्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-सुना आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. आईबापांविना तिथे पोचलेल्या निर्वासित मुलाला कौन्सिलमार्फत, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेमार्फत, घरी सांभाळायचं कुणी मनावर घेतलं, तर त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

आपल्या भागाला हा विषय नवा नाही. 1942 मध्ये जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या मुलांना आसरा दिला. पुढे उरलेली मुलं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेली. तिथे पोलिश शाळा होती, त्यांचे सणही होत. आजचं मूल मात्र एकटंच परक्या घरात शिरतं.

पहिला घोळ जन्मतारखेचा होतो. आपण शके आणि विक्रम संवत दोन्ही सहज सांभाळतो, पण तिथल्या कचेरीत तसं नसतं. अफगाण मुलगा त्याच्या पंचांगाचं साल 1388 सांगतो, म्हणजे मार्च 2009 ते मार्च 2010. महिना विचारलाच नाही, तर वर्ष चुकतं. इथिओपियाचं पंचांग तर सात-आठ वर्षं मागे आहे. हिशेब चुकला की सोळा वर्षांचा पोरगा सज्ञान ठरून मोठ्या माणसांत राहायला जातो. म्हणून त्याने सांगितलेलं साल आणि महिना जसाच्या तसा लिहून ठेवा. दुभाषाही नेमक्या भाषेचा मागा. पश्तो आणि दरी या अफगाणिस्तानातल्या दोन वेगळ्या भाषा, पश्तो बोलणाऱ्याला दरी भाषेचा दुभाषा चालत नाही.

घरात पहिल्या रात्री बाथरूम, त्याची कडी, दिव्याची बटणं दाखवा. पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. दार वाजवल्याशिवाय खोलीत जाऊ नका. उशीखाली पाव सापडला तर रागावू नका. उपाशी राहिलेलं मूल साठवतंच. झाकणाच्या डब्यात बिस्किटं, फळं भरून डबा त्याच्याच खोलीत ठेवा. डबा कधी रिकामा होऊ देऊ नका, म्हणजे लपवणं आपोआप कमी होतं.

त्याची हकीकत वकील आणि अधिकारी पुन्हा पुन्हा विचारतात, घरी तरी विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका.

आईवडिलांचा पत्ता नसेल तर रेड क्रॉस शोध घेते, पण आधी मुलाला विचारा. गावात चौकशी पोचली तर घरच्यांवर संकट येऊ शकतं. आणि “आई लवकरच येईल” असं कधीही म्हणू नका. ब्रिटनच्या नियमांत निर्वासित मुलाला आईवडिलांना बोलावून घेण्याचा हक्क नाही. हे फार क्रूर आहे, पण खोटी आशा त्याहून जास्त मोडते.

अठरा पूर्ण व्हायच्या आत बँक खातं, डॉक्टरकडची नोंद आणि वकिलाचे कागद पूर्ण करून घ्या. नंतर पंचविशीपर्यंत कौन्सिलचा सल्लागार मागता येतो. त्याचं नाव आधीच लेखी घ्या.