आमच्यासाठी रकाना नाही

या व्हिडिओत हा जो गॅसवर चहा दिसतोय ना, तो माझा. आणि तो मी गरम पिणार नाहीये हे मला आत्ताच माहितीये, कारण सहा वाजून दहा मिनिटं झालीत आणि धाकटा सव्वासहाला उठतो, त्याला अलार्म वगैरे लागत नाही, पातेल्याचा आवाज पुरतो.

नाशिकला राहतो आम्ही. दुसरा मजला, टू बीएचके, माणसं पाच. मी, नवरा, सासूबाई, मोठी आठ वर्षांची आणि हा धाकटा, चारचा. दोघंही शाळेत जात नाहीत. आजारी नाहीत, सुट्टी नाहीये, फी थकली म्हणूनही नाही. घरीच शिकतात. लोक त्याला होमस्कूलिंग म्हणतात, सासूबाई त्याला "ते तुमचं" म्हणतात.

लोक मला विचारतात, शिकवता कसं, अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कोण घेतं. अजून एकानेही विचारलेलं नाही की बाई, तू आंघोळ कधी करतेस? त्याचं उत्तर आहे, पावणेसहाला. तेव्हा नाही झाली तर मग थेट दुपारी दोन वाजता, बाथरूमच्या दाराबाहेर दोन जण बसून "आई, मगर अंडी घालते का" विचारत असताना.

खरं सांगायचं तर शिकवणं हा यातला छोटा भाग आहे. नऊ ते साडेदहा, संपलं. ही चटई, हे बालभारतीचं तिसरीचं मराठी आणि हे चौथीचं गणित, कारण मोठीचं गणित पुढे पळतंय आणि मराठी लिखाण मागे रखडलंय. घरी असल्यावर ते चालतं, एका मुलाने सगळ्या विषयांत एकाच इयत्तेत असलं पाहिजे असं कोणी म्हणायला येत नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण आम्ही छापील आणतो, कारण धाकट्याला ती चावायला लागतात. म्हणजे लागायची, आता सोडलंय त्याने.

बाकीचे जे दहा-अकरा तास उरतात ना, ते आहे होमस्कूलिंग. घर कधी रिकामंच होत नाही. साडेसातला सोसायटीच्या गेटवर पिवळ्या व्हॅन लागतात, आठनंतर खाली चिटपाखरू नसतं, आणि माझ्याकडे मात्र तेव्हाच कोणीतरी सोफ्याच्या उशांचा किल्ला बांधून वर तोफ म्हणून लाटणं लावलेलं असतं.

हे सुरू कसं झालं? विचार करून, तत्त्व वगैरे ठरवून नाही झालं. २०२० साली मोठी तीन वर्षांची होती, नर्सरीची अ‍ॅडमिशन घेऊन ठेवलेली, आणि मग लॉकडाऊन. वर्ग मोबाईलवर भरायचा. तीन वर्षांची पोर, स्क्रीनवर पंचवीस चौकोन, पलीकडून बाई म्हणतायत "म्यूट करा, म्यूट करा". बाईंची काही चूक नव्हती, त्या तरी काय करणार. पण आठवडाभरात ती टेबलाखाली जाऊन बसायला लागली आणि मी मोबाईलसमोर तिच्याऐवजी सफरचंद रंगवायला लागले. एक दिवस नवऱ्याने पाहिलं, म्हणाला, अगं नर्सरी तू करतेयस. बंद केलं. म्हटलं, शाळा उघडल्या की बघू. शाळा उघडल्या आणि आमचं "बघू" काही संपलं नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायलाच पाहिजे. मी त्यांना आईच म्हणते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, बत्तीस वर्षं, त्यातली बरीचशी दिंडोरी तालुक्यात. दरवर्षी पट नोंदणीसाठी वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला आलेल्यांची पोरं हाताला धरून वर्गात आणून बसवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की आम्ही हिला शाळेत घालणार नाही, तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांची पोरं शाळेत आणली, आणि माझीच नात शाळाबाह्य." मला त्यावर काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

कायदाही त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. नाही केलं तर पालकांना काय शिक्षा, ते मात्र या कायद्यात नाही. म्हणजे आम्ही गुन्हेगार नाही, पण कायद्याच्या डोळ्यात डोळे घालून बघावं असेही नाही. होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही. तेवढं कलम ४ मात्र मी लक्षात ठेवलंय. उद्या वाटलं तर मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात थेट प्रवेश मिळतो. आणि पुढे ओपन स्कूलिंगची सोय आहे, एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा देता येतात, चौदा पूर्ण झाली की दहावीही. हे सगळं मी रात्री दोन वाजता आठवते, झोप उडाली की. दिवसा नाही आठवत, दिवसा वेळ नसतो.

हा फोटो बघा, बुधवारच्या बाजारातला, गंगाघाटावरचा. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, नाशिकची माणसं. दर बुधवारी आम्ही तिघं जातो, अर्धं गणित तिथे होतं. भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "पावशेर घे गं मिरच्या." मोठी मला हळूच विचारते, शेर म्हणजे तो वाघासारखा? त्याचा पाव भाग? मी हसले खरी, पण मलाही नीट सांगता येईना, मग घरी आल्यावर आईंना विचारलं. आई म्हणाल्या, शेर म्हणजे जुनं वजन, किलोपेक्षा जरा कमी. मग आम्ही शोधून काढलं, एक शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मोठीने भागाकार केला, पावशेर झालं २३३ ग्रॅम. म्हणजे आजी पावशेर म्हणतात आणि अडीचशे ग्रॅम देतात. "मग त्या प्रत्येक वेळी सतरा ग्रॅम फुकट देतात?" पुढच्या बुधवारी ती आजींना थँक्यू म्हणून आली. आजींना कळेना कशाबद्दल, त्यांनी वर अजून दोन मिरच्या टाकल्या.

त्या दिवसापासून आईंनी पावकी काढली, म्हणजे पावाचा पाढा. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. मग निमकी, अर्ध्याचा पाढा, मग दिडकी, दीडचा. "ते तुमचं" करणार नाही म्हणणाऱ्या बाई, रोज दुपारी झोपाळ्यावर बसून नातीकडून दिडकी म्हणून घेतात. मी काही बोलत नाही, बोलले तर थांबतील.

वाचनाचं मात्र मी फार रडले आहे. सात वर्षांची झाली तरी वाचेना. अक्षरं ओळखायची, जोडायची नाही. बहिणीची मुलगी हिच्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान, ती फोनवर इंग्लिशमधून गोष्ट वाचून दाखवायची, आणि मी फोन ठेवला की किचनमध्ये जाऊन भांडी जोरात घासायचे. कार्ड केली, चित्रं लावली, फ्रीजवर "फ्रीज" लिहिलं. काही नाही. आणि मग एक दिवस खालच्या किराण्याच्या दुकानात मी साबुदाणा घेतेय आणि ही माझ्या मागे उभी राहून गल्ल्यावरची पाटी बघत म्हणतेय, आ...ज... रो...ख... उ...द्या... उ...धार. जोडाक्षरासकट! मी साबुदाणा तिथेच विसरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही एकटी खाली गेली. काकांना म्हणाली, "काका, आज उद्या आहे ना? मग उधार द्या." काकांनी दिलं एक चॉकलेट. तिसऱ्या दिवशी धाकटापण गेला. आता माझं त्या दुकानात खातं झालंय.

एका शनिवारी, नवऱ्याची सातपूरची शिफ्ट नव्हती, आम्ही पांडवलेणीला गेलो. हा धाकटा पायऱ्या मोजत चढतोय, बावीसच्या पुढे त्याला एकदम चाळीस येतं, त्यामुळे त्याच्या हिशोबाने आम्ही लवकर पोचलो. वर चोवीस लेणी आहेत आणि भिंतींवर ब्राह्मी या जुन्या लिपीतले लेख. मोठी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, इथे गणित लिहिलंय. सगळीकडे अधिकचं चिन्ह आहे." मी बघितलं तर खरंच. ब्राह्मीतला क अधिकसारखाच असतो, खालची दांडी जरा लांब. मग तिने भिंतीवरचे सगळे क मोजले, हात न लावता, बोट हवेत धरून.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यावर, नातू राज्यावर असताना, तिने मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलं, किती शूर, किती देखणा, आईचं कसं ऐकायचा. आणि तो स्वतःला गौतमीचा पुत्र म्हणवायचा, आईच्या नावाने. मी वाचून नवऱ्याला म्हटलं, बघ, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीसुद्धा आया हेच करत होत्या, फक्त स्टेटस टिकायचं जास्त.

हे दाखवलं की सगळं छान छान वाटतं. म्हणून हे पण दाखवा, ही वही, पान फाटलेली. मी फाडली. मी घरून अकाउंट्सचं काम करते, चार-पाच लहान व्यावसायिकांचे जीएसटी रिटर्न भरते, आणि महिन्याची २० तारीख म्हणजे माझ्या घरात शिमगा असतो. त्या दिवशी एका क्लायंटने बिलं पाठवली संध्याकाळी पाच वाजता, धाकट्याला ताप, आणि मोठी एकाच वजाबाकीवर अडलेली, हातचा घ्यायचा विसरतेय, परत विसरतेय. मी वही ओढली आणि फाडली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "तू शाळा असतीस तर मी घरी गेले असते."

दोन दिवस ते वाक्य माझ्या कानात होतं. शाळेतल्या मुलाला बाई ओरडल्या तर घरी आई असते. माझ्या मुलांना मीच बाई आणि मीच आई, तक्रार न्यायची कुठे? मग आजीकडे न्यायची असं ठरलं. आता मी आवाज चढवला की मोठी उठून आईंच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आतून दिडकीचा आवाज येतो. मी बाहेर बसून रिटर्न भरते.

तर एका दुपारी दारात दोन शिक्षिका आल्या, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला. ऊन असं की त्यांच्या हातातला रजिस्टरचा पुठ्ठा गरम झालेला. ताई, सहा ते चौदामधली मुलं किती? एक. शाळा कोणती? मी म्हटलं, घरी शिकते. त्यांनी फॉर्म उलटापालटा केला. एक रकाना होता कधीच शाळेत न गेलेल्यांचा, एक मध्येच सोडलेल्यांचा. घरी शिकणाऱ्यांचा नव्हता. मोठी म्हणाली, "मी नर्सरी सोडली, पण ती आईने केली होती." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

आतून आई पाण्याचे तांबे घेऊन आल्या. त्यांना बसवलं, पंखा मोठा केला, कोणती शाळा, मुख्याध्यापक कोण, पट किती, सगळं विचारून झालं. मग शांतपणे म्हणाल्या, "कधीच न गेलेली लिहू नका, सोडलेलीही लिहू नका. शिक्षिका आहे घरात. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, लिहा." धाकट्या मॅडम म्हणाल्या, बाई, पण रकाना नाहीये. "मग शेऱ्यात लिहा."

शेऱ्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. त्या गेल्यावर आईंनी मला एवढंच सांगितलं, "हिचं लिखाण फार कच्चं आहे. उद्यापासून शुद्धलेखन मी घेते. रोज दहा ओळी."

आणि ही घंटा ऐकू येतेय ना, ती मागच्या शाळेची, मधल्या सुट्टीची. काही महिन्यांपूर्वी मोठीने मला सांगितलं की तिला शाळेत जायचंय. माझ्या पोटात गोळा आला. सगळी तयारी करून, आवाज अगदी नॉर्मल ठेवून विचारलं, का गं, काय आवडतं शाळेतलं? म्हणाली, डबा. डबा उघडायचा असतो, सगळ्यांनी एकदम.

म्हणून मग आता रोज सकाळी मी दोन डबे भरते. आज पोळीचा लाडू आणि गाजर. दोघं ते आपापल्या सॅकमध्ये ठेवतात, सॅक इथे हॉलमध्ये खुंटीला, आणि घंटा झाली की जिन्यात जाऊन बसतात. कधी खालच्या काकू पण येतात शेंगदाणे घेऊन. आईंना पण डबा हवाय, पण त्या तसं म्हणत नाहीत, नुसत्या म्हणतात, जिन्यात वारा छान येतो.

उद्यापासून तीन भरायचे.