अडीच वाजताची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार. वर्षभर परदेशी राहून काम करायचं आणि तिथली भाषा शिकायची, या विषयावर बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली निम्मी मी तीन कप कॉफीवर खर्च करणार आहे, हे आधीच कबूल करते.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. जर्मनीत लाइपझिग शहरातल्या एका वृद्धाश्रमात मी वर्षभर स्वयंसेवक होते. योजनेचं नाव बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट. ते एका दमात म्हणता आलं की निम्मी भाषा आली असं समजा! तिकडे पूर्वी ज्या मुलांना सैन्यात जायचं नसे ती त्याऐवजी रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत काम करत. २०११ साली सैन्याची सक्ती थांबली, तो हक्काचा मदतीचा हात गेला, आणि ही योजना आली. मला खोली मिळाली, जेवण, विमा आणि हातखर्चापुरते पैसे मिळाले. पगार नाही. पुन्हा सांगते, पगार नाही. कर्ज काढून जाणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं.

तर कॉफी. वृद्धाश्रमात दुपारी कॉफी आणि केक असतो. आपल्याकडे चारचा चहा जितका पक्का, तितकाच पक्का. माझा तिसरा आठवडा. आमच्या प्रमुख बाई जाता जाता म्हणाल्या, उद्या कॉफीला तू, 'हाल्प द्राय'. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी मनात हिशोब केला, तीन आणि अर्धा, साडेतीन. झालं.

आता ठाणेकर माणूस वेळेला चुकत नाही. आपण 'साडेआठच्या सुमाराची गाडी' म्हणत नाही, 'आठ तेवीसची फास्ट' म्हणतो. आपल्या गावात पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, तीसुद्धा बोरीबंदरहून तीन पस्तीसला सुटली होती. त्या गावची मी. दुसऱ्या दिवशी तीन वाजता खोलीत निवांत बसून आईशी फोनवर बोलत होते. तिकडचे तीन म्हणजे सप्टेंबरात आपले साडेसहा. आईनं देवापाशी दिवा लावला होता आणि शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाची भांडणं मला सविस्तर सांगत होती. मी म्हटलं, सांग सांग, मला साडेतीनला जायचंय. तीन वीसला मी दिवाणखान्यात हजर. दहा मिनिटं लवकर! अभिमान वाटला हो.

दिवाणखाना रिकामा. टेबलं पुसलेली. आतून कप धुण्याच्या यंत्राची घरघर. फक्त खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक आजी. त्यांना मी रीतीप्रमाणे 'फ्राउ' लावून आडनावानं हाक मारायची, मनात मात्र आजीच. त्यांच्यासमोर आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे, दोन्हींवर बशी पालथी घातलेली. एक त्यांचा, एक माझा. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, उद्या तुमच्याशेजारी बसेन. म्हणून त्यांनी स्वतःचाही खाल्ला नव्हता.

मी घड्याळ दाखवून म्हटलं, हाल्प द्राय! त्यांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी ट्रेवरचे तीन कप पुढे ओढले. थर्मासमधून पहिला काठोकाठ भरला. दुसरा काठोकाठ भरला. तिसऱ्यात अर्ध्यावर थांबल्या. हात कापत होता, टेबलक्लॉथवर दोन थेंब पडले. पहिल्या कपावर बोट, आइन्स. दुसऱ्यावर, त्स्वाय. तिसऱ्या, अर्ध्या कपावर बोट ठेवून म्हणाल्या, हाल्प द्राय. म्हणजे तिसरा, अर्धा.

मी एकदम ओरडले, "अहो, म्हणजे अडीच!"

श्रोतेहो, नीट ऐका. हाल्प द्राय म्हणजे साडेतीन नाही, अडीच. परत आल्यावर घंटाळीला राहणाऱ्या आमच्या संस्कृतच्या बाईंना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं, आपला अडीच तरी कुठून आला? मूळ शब्द अर्धतृतीय. तिसरा अर्धा! आणि साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. म्हणजे जर्मन आजी आणि माझी आजी एकच बोलत होत्या, मीच मधे 'साडे' घुसवला होता.

आणि लाइपझिगकडची माणसं एवढ्यावर थांबत नाहीत. तिसरा कप पाव भरला की फीर्टेल द्राय, आपले सव्वादोन. पाऊण भरला की द्रायफीर्टेल द्राय, आपले पावणेतीन. जर्मनीच्या दुसऱ्या भागातला माणूस हे ऐकून गडबडतो. मराठी माणसानं गडबडायचं कारण नाही.

तरी आपल्याला आपलंच अवघड वाटतं. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मी एकवीसवाली. जर्मन मुलंही 'एक आणि वीस' अशीच मोजतात, त्यांचं काही अडलेलं दिसलं नाही. असो, विषय तो नाही.

विषय भाषेचा. त्यांच्याकडेही तो, ती, ते आहे. फक्त वाटणी वेगळी. चमचा आपल्यासारखाच तो, पण काटा ती, आणि सुरी चक्क ते. हे पाठ होत नाही, टेबल मांडता मांडता अंगवळणी पडतं.

काचेपलीकडून हात दाखवतायत, म्हणून कामाचं भराभर सांगते. जायच्या आधी जर्मनची ए-टू पातळी, म्हणजे साधं बोलण्यापुरती भाषा, तरी करा, तिच्या वरची बी-वन झाली तर उत्तम. मुंबईत काळा घोड्याला जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे. सत्तावीसच्या आतल्यांना एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायचा 'ओ पेअर'चा मार्ग आहे, तोही जास्तीत जास्त वर्षभराचाच. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. दोन आठवडे, विसरू नका. लोणचं न्या, पण ओढायला लागेल असली बॅग भरू नका. आणि तोंडी वेळ सांगितली की उलट विचारा, चौदा-तीस का?

वर्षाच्या शेवटी माझी बी-वनची तोंडी परीक्षा होती. वेळ कागदावर छापलेली, १४:३०. निघताना आजींना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आडीच?"

मी म्हटलं, "अडीच." त्यांनी केकवर बशी पालथी घातली.