खोली विकायची की नाही

(डोंबिवलीतल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती करतो. ज्यांचा जन्म गिरगाव, परळ, लालबाग, दादर, माहीम या पट्ट्यातला आहे, त्यांनी हात वर करा. बघा मागे वळून, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता ज्यांचं एखादं तरी मूल अजून त्या पट्ट्यात राहतं, त्यांनीच हात वर ठेवा. मला इथून चार दिसतायत.

आजचा विषय या हातांचाच आहे. मध्यमवर्ग गमावत चाललेलं शहर पालिकेच्या निवडणुकीने सावरेल का, असा प्रश्न आयोजकांनी मला दिला. २०२६ च्या १५ जानेवारीला आपण मतदान केलं, तिकडे मुंबईतही झालं. बोटावरची शाई आता गेली असेल, पण प्रश्न गेलेला नाही.

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार झाली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. तिथे इमारती उंच होत होत्या आणि माणसं घटत होती. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ही सगळी वाढ मुंबईतून आलेल्यांची नाही, कामधंद्यासाठी बाहेरून आलेले लोक त्यात पुष्कळ आहेत. पण आपण कुठून आलो, हे आपल्याला माहीत आहे.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय सोळाची खोली, घरात सात माणसं. वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. आमच्या शेजारच्या खोलीत एक गुरुजी राहायचे, पालिकेच्याच शाळेत शिकवायचे. रात्री जेवणं उरकली की त्यांच्या दारात माणसं जमायची. नळाला पाणी कमी येतंय, जिन्यावरचा दिवा गेलाय, दवाखान्यात खोकल्याचं औषध संपलंय. गुरुजी फुलस्केप कागद घ्यायचे, डाव्या बाजूला घडी घालून समास पाडायचे आणि लिहायला लागायचे. खाली सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. शाळा सुटली की ते अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचे आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय घरी यायचे नाहीत. ते सगळे क्रमांक एका लाल बाइंडिंगच्या वहीत लिहून ठेवलेले असायचे. नगरसेवक गणपतीत चाळीत आले, की आरती झाल्यावर गुरुजी ती वही उघडायचे. अमुक तारखेचा अर्ज, अमुक क्रमांक, काय झालं? सगळ्या चाळीसमोर. नगरसेवकांना उत्तर द्यावंच लागायचं.

आज मध्यमवर्ग म्हणताना मला ती लाल वही आठवते. पगार किती होता हा भाग दुय्यम. ज्याला लिहिता येत होतं, पाठपुरावा करायला वेळ होता आणि ज्याचं पोर त्याच शाळेत, आई त्याच दवाखान्यात, स्वतः त्याच बसमध्ये होता, असा माणूस चाळीत राहत होता. त्याच्या एका अर्जाचा फायदा ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनाही मिळायचा. सार्वजनिक सोय चांगली राहते ती अशा माणसांमुळे.

मग हा माणूस गेला कुठे? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पुढची गोष्ट जमिनीची. गिरण्यांची मिळून साधारण ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ठरलं, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. त्यातला म्हाडाचा वाटा नीट मिळाला असता, तर या सभागृहातले काही हात आज परळमध्ये वर झाले असते. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालची त्यात धरायची नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला.

हा निर्णय राज्य सरकारचा होता. तो फिरवण्याची ताकद पालिकेच्या सभागृहात नव्हती. घरभाड्याचा कायदा राज्याचा, म्हाडा राज्याची, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्याचं, महानगराचं नियोजन करणारी एमएमआरडीए राज्याची, लोकल केंद्राची. पालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्या कायद्याने कारभाराचा अधिकार आयुक्ताला दिला आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. त्यामुळे 'नगरसेवक निवडून द्या, घरं स्वस्त होतील' असं कोणी सांगत असेल, तर ते खरं नाही. आपण इथे येऊन स्थिरावलो, आता कुठलीही पालिका निवडणूक आपल्याला लालबागला परत नेणार नाही. शिवाय आपलं नाव तिथल्या मतदारयादीतही नाही. ज्यांच्यासाठी ते शहर सावरायचं, ते मत देतात कल्याण-डोंबिवलीला, वसई-विरारला, पनवेलला. मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. माणूस सकाळी एकीतून उठतो, दिवसभर दुसरीत राबतो आणि मत पहिलीतच देतो. मधल्या प्रवासात काय होतं, ते गेल्या वर्षी ९ जूनला आपण पाहिलं. मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडली आणि त्यातली काही घरी आलीच नाहीत. तो प्रवास आपल्यातले कितीतरी जण रोज करतात, त्यामुळे त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

पण मध्यमवर्ग आणखी एका तऱ्हेने जातो आणि मला आज मुख्यतः त्याबद्दल बोलायचंय. घर न बदलताही माणूस शहर सोडतो. मुलाला पालिकेच्या शाळेतून काढून खासगी शाळेत घालतो. बसची वाट पाहायची सोडून स्कूटर घेतो. आईला तापासाठी खासगी डॉक्टरकडे नेतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पोरांच्या बाबतीत कोणी धोका पत्करत नाही. पण त्या दिवसापासून त्याची लाल वही बंद होते. बस आली काय, नाही काय, त्याला फरक पडत नाही. ज्यांना फरक पडतो त्यांच्याकडे अर्ज लिहायला कोणी उरत नाही. इथे मात्र नगरसेवकाच्या हातात पुष्कळ काही आहे. प्राथमिक शाळा, दवाखाने, बेस्ट, पाणी, फूटपाथ, मैदानं, मंडया, हे सगळं पालिकेचं. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता.

या पैशावर लोकांचा डोळा नसला तर काय होतं, तेही आपण पाहिलं. ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली. जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. खर्चाचा प्रस्ताव मांडणारेही तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारेही तेच. आपल्याकडे तर २०१५ च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्यांची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट यंदा जानेवारीत झालं. तेव्हा बालवाडीत गेलेलं मूल आज चौथीत आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटनेत ७४ व्या दुरुस्तीने स्वच्छ लिहिलेलं असूनही हे झालं.

बेस्टचंच घ्या. ९ मे २०२५ ला साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. दुप्पट. त्या वेळी सभागृह नव्हतं, बेस्ट समिती नव्हती, म्हणजे लोकांच्या वतीने 'का' असं विचारणारी एकही खुर्ची भरलेली नव्हती. २०१९ मध्ये भाडं ८ वरून ५ वर आणलं तेव्हा समिती होती. त्या कपातीने तोटा वाढला, हेही मी लपवणार नाही. भाडं वाढवणं कदाचित भागच असेल. पण एके काळी चार हजारांवर असलेला बसचा ताफा आज तीन हजारांच्या खाली आलाय. बस कमी आणि तिकीट दुप्पट, हे लोकांसमोर उभं राहून सांगायची पाळी कोणावर तरी यायला हवी होती. निवडणूक एवढं नक्की करते. उत्तर द्यायला एक माणूस उभा करते.

निवडणुकीने मध्यमवर्गासाठी काही केलंच नाही, असंही नाही. मुंबईत २०१२ ला मतदान ४५ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१७ ला ते ५५ च्या आसपास गेलं. त्या २०१७ च्या प्रचारात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचं वचन दिलं गेलं होतं. ते पूर्ण झालं २०२२ मध्ये. पाच वर्षं लागली, पण झालं. माझं मत विचाराल तर मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. करमाफीने घरात थोडे पैसे वाचतात, माणूस सार्वजनिक सोयीकडे परत येत नाही.

माणूस परत येतो तो शाळेमुळे, आणि हे अंदाजाने सांगत नाही. २०२० पासून मुंबई पालिकेने 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या, माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसई सुरू केलं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, सोडत काढावी लागली. पालिकेच्या शाळेत पोर घालायला लोक रांगेत उभे राहिले! गुरुजींच्या निवृत्तीनंतर असं काही ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. यातली मला बोचणारी गोष्टही सांगतो. त्याच पालिकेच्या मराठी शाळा पटसंख्येअभावी ओस पडतायत. तोच वर्ग, तीच इमारत, शिकवायचा तोच खर्च. मग मराठी शाळेला तेवढंच चांगलं विज्ञान आणि तेवढंच चांगलं इंग्रजी का मिळू नये? हा प्रश्न मतं मागायला येणाऱ्याला दारात विचारायला हवा होता. माझ्या दारात आलेल्यांना मी विचारला. एकाने लिहून घेतला.

विचारायचं कसं, याची उदाहरणं आपल्या जवळ आहेत. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा स्वतः वेगळा करायला घेतला आणि त्यातून पालिकेची एएलएम योजना उभी राहिली, म्हणजे रहिवाशांनीच आपल्या गल्लीची देखरेख करायची. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी एकत्र बसून आपला उमेदवार ठरवला, कुठल्याही पक्षाचा नाही. अॅडॉल्फ डिसोझा. ते निवडून आले. पण २२७ च्या सभागृहात एकटा माणूस प्रश्न विचारू शकतो, ठराव करून घेऊ शकत नाही. तो प्रयोग शहरभर पसरला नाही. पक्षांना टाळून काम होईल, यावर आता माझा विश्वास नाही. पक्षातल्याच माणसाला वही दाखवावी लागेल.

आणि इथे आपल्या शहरात वही दाखवायची कोणाला, हाही प्रश्न आहे. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चार जणांचा प्रभाग. दिवा गेला तर चौघांपैकी कोणाकडे जायचं? प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगू शकतो. कित्येक जागांवर तर उमेदवार बिनविरोधच आले, तिथल्या लोकांना निवड करायची संधीच मिळाली नाही. ज्या मध्यमवर्गाला एका शहराने बाहेर काढलं, त्यातल्या काहींना दुसऱ्या शहरात त्या जागांसाठी मतच देता आलं नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. आपण तिकडून इकडे आलो. इथलीही शाळा, बस, दवाखाना सोडून दिला, तर पुढची पिढी बदलापूरच्याही पुढे जाईल.

गुरुजींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. चाळीच्या जागी टॉवर आला. पूर्वी महिन्याचं भाडं शंभर रुपयेही नव्हतं, आता मेंटेनन्स हजारांत. तोवर गुरुजी गेले होते. मुलांनी दोन वर्षं भरला, मग जागा विकून ती बदलापूरला गेली. लाल वही कुठे गेली, कोणाला माहीत नाही.

माझा भाचा मात्र अजून दादरला आहे, वडिलांच्या पागडीच्या खोलीत. त्याला गिऱ्हाईक येऊन गेलंय, रक्कम चांगली आहे. गेल्या रविवारी तो मला म्हणाला, "मामा, मुलीचा अर्ज इथल्या पालिकेच्या शाळेत टाकलाय. सोडतीत नाव लागलं, तर खोली नाही विकणार." मी त्याला अर्जाचा क्रमांक विचारला. त्याने फोनमध्ये बघून सांगितला आणि तो मी लिहून ठेवलाय. यादी अजून लागायची आहे.