साडेतीन अधिक साडेतीन किती?

ब्रेडबोर्डवर दोनच पार्ट दिसतायत बघा. एक रेझिस्टर, ब्राऊन-ब्लॅक-रेड, म्हणजे १ किलोओहम, आणि त्याला लागून एक चपटा सिरॅमिक कपॅसिटर, त्यावर बारीक अक्षरात १०४ छापलंय, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. रेझिस्टरच्या मोकळ्या टोकाला सिग्नल द्यायचा, कपॅसिटरचा दुसरा पाय ग्राउंडला आणि दोघं जिथे जोडलेत तिथून आउटपुट घ्यायचं. झाला लो पास फिल्टर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी पार करणारा आणि जास्त अडवणारा.

आता आउटपुट किती? कपॅसिटरचा रिॲक्टन्स, म्हणजे एसीला तो करतो तो अडथळा, फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतो, १ भागिले २ पाय (π) एफ सी, एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी, सी म्हणजे कपॅसिटरची किंमत. १५९२ हर्ट्झला तो १००० ओहम येतो. म्हणजे रेझिस्टर पण हजार, कपॅसिटर पण हजार. इनपुटला ५ व्होल्ट पीकची साइन वेव्ह. मग अर्धं-अर्धं, अडीच व्होल्ट, सोप्पंय की!

मीपण कॉलेजात जर्नलमध्ये अडीचच लिहिलेलं, आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची वेव्ह दाखवणारं यंत्र) साडेतीन दिसल्यावर आधी प्रोब बदलला, मग कपॅसिटर बदलला, स्वतःचं गणित सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

आता हे नीट बघा. कपॅसिटरवर ३.५४ व्होल्ट. रेझिस्टरवर मोजायला ग्राउंड क्लिप मधल्या जॉइंटला लावू नका हां, क्लिप अर्थला जोडलेली असते, आणि जनरेटरचा ग्राउंडही बहुतेक वेळा तोच असतो, कपॅसिटर शॉर्ट होईल. स्कोपचे दोन चॅनेल घ्या आणि त्याच्या मॅथ मेनूत वजाबाकी करा. तिथेही ३.५४. म्हणजे बेरीज सात, आणि दिलेत तर पाचच!

गडबड अशी की दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी पीकला जात नाहीत. एक वर पोचतं तेव्हा दुसरं शून्यावर असतं, ९० अंशांचा फरक. म्हणून सरळ बेरीज चालत नाही, काटकोन त्रिकोणासारखं वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ काढायचं. हजारचा वर्ग अधिक हजारचा वर्ग, त्याचं वर्गमूळ १४१४, म्हणजे दोघांचा मिळून अडथळा १४१४ ओहम. आणि ५ गुणिले १००० भागिले १४१४, आलं ३.५४. हीच कटऑफ फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिच्या पुढे फिल्टर सिग्नल चांगलाच अडवायला लागतो, इथे आउटपुट इनपुटच्या ४५ अंश मागे पडतं.

फ्रिक्वेन्सी दहापट केली की रिॲक्टन्स १०० ओहम, आउटपुट साधारण अर्धा व्होल्ट. उलट १५९ हर्ट्झवर आणली तर ४.९८, म्हणजे जवळपास सगळंच पार.

तुमच्याकडे बरोब्बर ३.५४ आलं नाही तर लगेच हैराण होऊ नका, कपॅसिटर १० टक्के जास्त निघाला तरी ३.३६ दिसतं, आणि स्वस्तातला मल्टिमीटर एवढ्या फ्रिक्वेन्सीला एसी नीट दाखवेलच असं नाही.

आणि आउटपुटला काय जोडलंय तेही बघा. तिथून ग्राउंडला १ किलोओहमचा लोड लावला तर अगदी कमी फ्रिक्वेन्सीलाही अडीचच व्होल्ट मिळतात, कटऑफ सरकून ३१८३ हर्ट्झवर जातो आणि आपण केलेलं सगळं गणित बाद. त्यामुळे पुढच्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स निदान दहापट तरी ठेवा, नाहीतर मधे एक ऑपॲम्पचा (ॲम्प्लिफायर आयसीचा) बफर टाका, म्हणजे पुढच्या स्टेजचा भार फिल्टरवर पडत नाही.