दंडाचा मेसेज येतो, सूचनेची पाटी कुठं आहे?

नमस्कार श्रोतेहो.

कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतानं नोव्हेंबर 2025 मध्ये वेग मोजून दंड लावणारे कॅमेरे कायदा करून बंद केले. टोरांटो शहर याच प्रांतातलं. प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांचं म्हणणं असं, की हे कॅमेरे माणसं वाचवायला नाहीत, लोकांचे खिसे रिकामे करायला लावलेत. टोरांटोत एका रस्त्यावरचा कॅमेरा तर कुणीतरी पुन्हा पुन्हा खांबासकट कापून आडवा केला होता. अमेरिकेत टेक्सास राज्यानं 2019 सालीच सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांवर बंदी आणली.

आपल्या सांगलीत विश्रामबागच्या एखाद्या चहाच्या गाड्यावर ही बातमी कुणी मोठ्यानं वाचली, तर निम्मे लोक म्हणतील, "झकास! आता आपल्या सरकारलाही सांगा." ज्यांच्या मोबाईलवर ई-चलनाचे मेसेज साठलेत ते जरा जास्तच जोरात म्हणतील. मला मात्र अशी बंदी आपल्याकडं यावी असं वाटत नाही. त्याच वेळी, आज जे चाललंय ते असंच चालू द्यावं असंही वाटत नाही.

आधी या यंत्राच्या जन्माची गंमत ऐका. मॉरिस गॅटसोनिडीस नावाचा एक डच गडी होता, मोटारींच्या शर्यतीत धावणारा. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्यानं जिंकली होती. वळणावर आपला वेग नेमका किती पडतो हे कळलं तर अजून जोरात जाता येईल, म्हणून त्यानं वेग मोजायचं यंत्र तयार केलं. पुढं तेच यंत्र जगभरच्या पोलिसांनी उचललं आणि जोरात जाणाऱ्यांच्याच मागं लावलं. इंग्लंडात आजही अशा कॅमेऱ्याला त्याच्या नावावरून गॅटसो म्हणतात.

त्याचा उपयोग होतो का? होतो. फ्रान्सनं 2003 मध्ये कॅमेरे बसवायला सुरुवात केली. 2002 साली तिथं रस्त्यावर सात हजारांवर माणसं मेली होती, 2010 पर्यंत हा आकडा चार हजारांच्या आत आला. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं नाही, पण त्याचा वाटा मोठा होता. ज्या टोरांटोतले कॅमेरे आता उतरले, तिथंच शाळांजवळ कॅमेरे असताना वेगमर्यादा मोडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण 45 टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं होतं. आणि आपल्या देशात 2022 साली रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातले 71 टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या रकान्यात आहेत.

वेगाचा हिशेब आपल्याला वाटतो तितका सरळ नसतो. साठनं जाणारी गाडी ऐंशीनं गेली, तर वेग एक तृतीयांशानं वाढतो, पण धडकेचा जोर पाऊणपटीहून जास्त वाढतो. ऐंशीच्या वेगात ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी बावीस मीटर पुढं गेलेली असते. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपतो आणि उतारावर ते एसच्या आकाराचं वळण येतं. आपल्या जिल्ह्यातून पुण्याला गाडी घेऊन जाणाऱ्याला ते ठाऊक नाही असं होणार नाही. तिथं किती गाड्या उलटल्या, किती घरं बसली! ते वळण टळावं म्हणून तर नव्या जुळ्या बोगद्यांचं काम हाती घेतलं.

बरं, कॅमेरा काढला तर उरतं काय? चौकातला हवालदार. त्याच्यावर माझा राग नाही. उन्हातान्हात, धुरात उभं राहून तो नोकरी करतो. पण त्यानं गाडी अडवली की पुढं काय होतं ते आपल्याला पाठ आहे. आधी "साहेब, जाऊ द्या की." मग "दवाखान्यात निघालोय." आणि तरीही जमलं नाही की खिशातला मोबाईल बाहेर येतो, "थांबा, भाऊंना फोन लावतो." ज्याला फोन लावायला भाऊ नाही, तो पावती फाडतो. कॅमेऱ्याला भाऊ, दादा, साहेब कुणी ओळखू येत नाही. कारखान्याच्या संचालकाची गाडी आणि शेतमजुराची मोटारसायकल त्याला सारखीच. एवढ्या एका कारणासाठीही मी कॅमेऱ्याच्या बाजूनं मत देईन.

आता दुसरी बाजू. ती ऐकल्याशिवाय हा राग कळायचा नाही.

वाळवा तालुक्यातले एक दूधवाले माझ्या ओळखीचे आहेत. पहाटे गावातलं दूध गोळा करायचं आणि डेअरीवर घालायचं, एवढंच त्यांचं जग. त्यांना पुण्यातला सिग्नल तोडल्याचं चलन आलं. गाडी तालुक्याच्या बाहेर गेलेली नाही. मुलानं लिंक उघडून फोटो मोठा करून दाखवला. नंबर त्यांचाच, कंपनीही तीच. पण त्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे लोखंडी हूक वेल्डिंग केलेले आहेत, सीटवर रबरी ट्यूबची पट्टी आवळलेली आहे. फोटोतल्या गाडीला यातलं काहीच नाही, वर मागं झगमगीत स्टिकर. कुणीतरी त्यांचा नंबर आपल्या गाडीला लावून खुशाल फिरत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानंच सिद्ध करायचं की मी चोर नाही! वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते हे त्यांना मुलामुळं कळलं. ज्याच्या घरात असा मुलगा नाही त्यानं काय करायचं?

अशाच दुसऱ्या चलनांचा दोष मात्र आपल्याकडं येतो. जुनी गाडी बाजारात विकायची, मालकी बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून द्यायच्या आणि नावावर झाली की नाही ते बघायचंच नाही, ही आपली जुनी खोड. कागदोपत्री मालक तुम्ही, म्हणून चलन तुम्हालाच. यात कॅमेऱ्यानं काय करावं? आणि जाता जाता एक सांगतो. व्हॉट्सॲपवर चलन म्हणून एपीके नावाची फाईल आली तर तिला बोटही लावू नका. पोलीस अशी फाईल पाठवत नाहीत. ते भामट्यांचं काम आहे, त्यात खातं रिकामं होतं.

मूळ मुद्दा पुढं आहे. कॅमेऱ्यानं कसं वागावं याचे नियम आपल्या देशात आहेत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 136अ आलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं नियम 167अ काढला. यंत्र अचूक चालतं याचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करून घेतलं पाहिजे. पुढं कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी रस्त्यावर ठळक दिसली पाहिजे. घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे. चलनात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा आणि कायद्याचं कलम हवं. कॅमेरे लावायचे कुठं? जिथं धोका आणि गर्दी जास्त आहे त्या रस्त्यांवर, आणि निदान दहा लाखांवर लोकवस्तीच्या व नियमात दिलेल्या यादीतल्या 132 शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत. त्या यादीत आपली सांगली आहे. यादी मुळात हवा खराब असलेल्या शहरांची आहे, तो मान आपल्याला असा मिळाला! सर्वोच्च न्यायालयानंही 2024 मध्ये राज्यांना हे कलम आणि हा नियम अमलात आणायला सांगितलं.

एवढा चांगला नियम असताना लोक चिडतात, कारण त्यांना नियमातला दंडच तेवढा भेटतो. झेब्रा पट्ट्याच्या पुढं गाडी थांबवली म्हणून चलन येतं आणि तो पट्टा मागच्या पावसाळ्यातच पुसून गेलेला असतो. वेगमर्यादेची पाटी लिंबाच्या फांदीआड नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्समागं. पोलिसांनी खाजगी मोबाईलवर फोटो काढून चलनं टाकू नयेत, असे आदेश राज्यात 2025 साली वरिष्ठांना काढावे लागले. त्याच वर्षी जुलैत मालवाहतूकदार ई-चलनाविरुद्ध संपावर गेले. त्यांच्या सगळ्याच मागण्या मला पटत नाहीत. पण रिकामी जागा नाही म्हणून माल उतरवायला ट्रक रस्त्याकडेला उभा राहिला आणि त्याला नो पार्किंगचा दंड बसला, तर तो ट्रकवाला कुणाकडं दाद मागणार?

आणि पैसा. शिकागो शहरात सिग्नलच्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच खाल्ली म्हणून महापालिकेच्या एका अधिकाऱ्याला 2016 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच शहरात पिवळा दिवा तीन सेकंदांहून अगदी किंचित कमी वेळ लागलेला असतानाही हजारो लोकांना दंड झाल्याचं तपासात निघालं. किंचित म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. डोळ्याला न कळणारा हा फरक तिजोरीला कळला. म्हणून माझं म्हणणं असं, की कॅमेरा बसवणाऱ्या कंपनीचं बिल दंडाच्या संख्येवर कधीही ठरता कामा नये. नाहीतर उंदराला मांजर साक्ष. कॅमेऱ्याखाली अपघात किती घटले ते मोजा. ज्या कॅमेऱ्याचा दंड वर्षागणिक कमी होतो तो चांगला. दर वर्षी तितकीच कमाई करणारा कॅमेरा दिसला, तर तिथं रस्त्याची आखणी चुकली आहे का, पाटी दिसते का, हे आधी बघावं.

घाटात तर एका जागचा कॅमेरा पुरत नाही. लोक कॅमेरा दिसला की ब्रेक दाबतात आणि पुढं गेले की पुन्हा पिळतात. दोन खांबांमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून सरासरी वेग काढायची पद्धत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणली आहे. ती मला जास्त न्याय्य वाटते. ओव्हरटेक करताना क्षणभर वेग वाढला म्हणून कुणी सापडत नाही, सलग दामटणारा मात्र सुटत नाही.

आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही त्याचं काय? गळीत हंगाम सुरू झाला की रात्री सांगली-पेठ रस्त्यावर या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. नंबरप्लेट असलीच तर चिखलानं माखलेली, वरून उसाचं वाढं लोंबतंय. कारखाने हंगामाच्या तोंडाला रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, फोटो छापून येतात, आणि चार खेपांत ते पिवळे-लाल तुकडे गळून पडतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती चार हातांवर असते. इथं लाखो रुपयांचा कॅमेरा कुचकामी. ज्यानं गपगुमान पैसे भरून नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली, त्याचाच नंबर कॅमेऱ्याला लख्ख वाचता येतो. ही ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर येते, तिथं तिची नोंद होते. दिवा नसेल तर वजनच करायचं नाही, एवढं कारखान्यांनी ठरवलं तर कॅमेरा लागणारही नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्याकडं आपण बंदीची मागणी नेण्यापेक्षा एक कागद मागावा. जिल्ह्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्यासमोर त्याच्या प्रमाणपत्राची तारीख, पाटी कुठं लावली ती जागा, आणि कॅमेरा बसण्याआधी व नंतर तिथं झालेले अपघात. हा कागद पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लागू द्या. ज्या कॅमेऱ्यापुढचा रकाना रिकामा असेल, त्याची चलनं त्या दिवसापासून थांबवा. रकाने भरले की पुन्हा चालू करा, आमची हरकत नाही.

नमस्कार.