आकाशातलं लाटणं : टोर्नेडो ठरावीक ठिकाणीच का?

(दृश्य : ओक्लाहोमा सिटी. रिकामा रस्ता, भरदुपार. भोंगा सुरू होतो.)

दचकू नका. दर शनिवारी दुपारी बारा वाजता इथे टोर्नेडोच्या इशाऱ्याचा हा भोंगा वाजवून बघतात. पेट्रोल भरणाऱ्या बाईंनी मानही वर केलेली नाही. वार शनिवार नसता, तर त्या एव्हाना तळघरात असत्या.

टोर्नेडो म्हणजे वादळी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा भोवरा. अमेरिकेत वर्षाला असे साधारण 1,200 टोर्नेडो नोंदले जातात. दुसऱ्या कुठल्याही देशात इतके होत नाहीत. त्यातही टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या मैदानी पट्ट्याला वाहिन्यांनी ‘टोर्नेडो अ‍ॅली’ असं नाव देऊन टाकलंय. या गल्लीची हद्द मात्र कुणी आखलेली नाही.

(दृश्य : गव्हाचं शेत, क्षितिजापर्यंत. कॅमेरा सावकाश पूर्ण गोल फिरतो.)

या चित्रात डोंगर शोधा. आम्हीही शोधला.

दक्षिणेला सुमारे 700 किलोमीटरवर मेक्सिकोचं आखात आहे. वसंतात तिथली उबदार, दमट हवा वाऱ्यावर थेट इथवर येते, कारण तिला अडवेल असा डोंगर वाटेत नाही. आपल्याकडे सह्याद्री ढगांकडून बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच काढून घेतो. इथे तो नाका नाही.

पश्चिमेला मात्र रॉकी पर्वत आहे, आणि नैर्ऋत्येला न्यू मेक्सिकोचं, मेक्सिकोचं उंच पठार. ते रखरखीत पठार उन्हात तापतं, आणि तिथली कोरडी, गरम हवा पूर्वेकडे सरकते. मैदान खाली, पठार उंच. त्यामुळे ही हवा मैदानातल्या दमट हवेच्या डोक्यावर येऊन बसते. झाकणासारखी.

हे झाकण महत्त्वाचं. ते नसतं तर सकाळीच चार सरी पडून आभाळ मोकळं झालं असतं. झाकणामुळे खालची हवा दिवसभर तापते, ओल साठत राहते, आणि दुपारी कुठेतरी झाकण फाटतं.

(दृश्य : गाडीच्या टपावरून. डावीकडे धुळकट निळं आभाळ, उजवीकडे पांढुरकी धूसर हवा.)

ही फ्रेम मुद्दाम लांब ठेवली आहे. डावीकडे वाळवंटाची हवा, उजवीकडे समुद्राची. मधल्या सीमेला इथे ‘ड्रायलाइन’ म्हणतात. गाडीने ती ओलांडली की थोड्याच अंतरात अंगाला चिकचिक जाणवायला लागते. झाकण बहुतेकदा या रेषेच्या आसपासच फाटतं.

(दृश्य : ढगाचं वेगवान चित्रीकरण.)

फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतोय तो ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच जाऊ शकतो. पण उंच ढग आपल्याकडेही होतात. वळवाचा ढग काही बुटका नसतो. फरक आहे वाऱ्यात.

इथे जमिनीलगत वारा दक्षिणेकडून येतो. जसजसं वर जावं तसतसा तो पश्चिमेकडून येऊ लागतो आणि त्याचा वेग वाढत जातो. सर्वांत वर जेट स्ट्रीम, म्हणजे पश्चिमेकडून धावणारी वेगवान हवेची नदी. खाली हळू, वर जोरात. मधली हवा मग पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगाकडे वर ओढली जाणारी हवा या लाटण्याला उचलून उभं करते, आणि अख्खा ढग गरगरू लागतो. हाच सुपरसेल. बहुतेक भयंकर टोर्नेडो याच्याच पोटातून उतरतात.

(दृश्य : ढगाचा खाली लोंबणारा काळा भाग, सावकाश फिरतोय. निवेदन नाही. चाळीस सेकंद फक्त वारा.)

यातून टोर्नेडो झाला नाही.

आमच्या हाती जे लागलं ते एवढंच. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न करताच विरतात. शेवटच्या टप्प्यात, अगदी जमिनीलगत, एक ढग भोवरा का सोडतो आणि शेजारचा का नाही, हे कोडं शास्त्रज्ञांना अजून पूर्ण सुटलेलं नाही.

(दृश्य : ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळाचं कुंपण, जुनी छायाचित्रं.)

अंदाज बांधण्याची गोष्ट इथून सुरू होते. ‘टोर्नेडो’ हा शब्द अमेरिकेच्या सरकारी अंदाजात अनेक दशकं टाळला जात असे, लोक घाबरतील म्हणून. 20 मार्च 1948 च्या रात्री या तळावर टोर्नेडो आला आणि विमानांचा चुराडा करून गेला. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांना कारण शोधायचं फर्मान सुटलं. त्यांनी जुने नकाशे उपसले. आणि 25 मार्चला सकाळचा नकाशा बघतात, तर तीच ओल, तीच कोरडी हवा, तेच वरचे वारे! दोघांनी धीर करून इशारा दिला. त्याच संध्याकाळी त्याच तळावर पुन्हा टोर्नेडो आला. विमानं या वेळी आधीच आवरून ठेवलेली होती.

आज अमेरिकेत सुमारे 160 डॉप्लर रडार ढगांच्या पोटातलं फिरणं बघत असतात. तरीही 22 मे 2011 रोजी मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. आग्नेयेच्या अलाबामा, मिसिसिपीत झाडीमुळे आणि रात्रीच्या अंधारामुळे भोवरा अनेकदा दिसतही नाही. तिकडे आमचा कॅमेरा गेला नाही.

(दृश्य : मराठवाडा, नांगरलेलं रान, धुळीची वावटळ.)

आपली वावटळ म्हणजे छोटा टोर्नेडो, असं सर्रास म्हणतात. तसं नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, डोक्यावर ढग नसतानाही. टोर्नेडो ढगाला लोंबतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन आहे, ओल येते, वळीव कोसळतो. पण तेव्हा जेट स्ट्रीम बरीच उत्तरेला असते. लाटणं फिरवणारा हातच नसतो.

तो हात एप्रिलमध्ये बंगालवर असतो.

(दृश्य : बांगलादेश, माणिकगंज जिल्हा. तागाची शेतं, पत्र्याची घरं.)

आखाताच्या जागी बंगालचा उपसागर ठेवा. न्यू मेक्सिकोच्या जागी छोटा नागपूरचं तापलेलं पठार. वर, हिमालयाच्या दक्षिणेकडून जाणारी जेट स्ट्रीम. जूनमध्ये मान्सून आला की ती हिमालयापलीकडे सरकते आणि हंगाम मिटतो. त्याआधीच्या वादळांना इथे कालबैशाखी म्हणतात. त्यातल्या काहींच्या पोटातून टोर्नेडो उतरतात.

ज्ञात इतिहासातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो अमेरिकेतला नाही. तो इथला आहे, दौलतपूर-साटुरियाचा. सुमारे 1,300 मृत्यू. त्याचं चित्रीकरण आम्हाला कुठे मिळालं नाही. ओक्लाहोमात न झालेल्या टोर्नेडोचे मात्र आमच्याकडे चार तास आहेत.

तारीख 26 एप्रिल 1989. या भागात सहा महिने दुष्काळ होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ढग आला.

(दृश्य : पत्र्याचं छप्पर, त्यावर पावसाचे पहिले थेंब. आवाज तसाच ठेवावा.)