मागचीच गोळी

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर-वडवणीच्या रस्त्यांवर ट्रक भरायला लागतात. भांडी, सरपण, अंथरुणं, वर लेकरं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आता कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, मुक्काम कोपीत, फडाजवळच्या झोपडीत.

निघण्याआधी एक मावशी मेडिकलवर थांबलीय. कॅरीबॅगेतून चिठ्ठी काढते. घड्यांवर कागद विरलाय.

"भाऊ, मागचीच बीपीची गोळी द्या. आन् कंबर दुखायच्या बी."

भाऊ चिठ्ठी उघडतसुद्धा नाही. त्याला पाठ आहे, टेल्मिसार्टन ४०. सहा महिन्यांच्या हव्यात, पैसे महिन्याभराचेच आहेत. शेवटचं पाकीट कात्रीनं कापलं जातं आणि छापलेली मुदत नेमकी दुकानातल्या तुकड्यावर राहते.

जुन्याच चिठ्ठीवर दुकानदारानं पुन्हा गोळ्या द्याव्यात का, हा विषय डॉक्टरांपुढे काढला की पहिलं उत्तर "नको" असतं. फीचा विचार त्यात अजिबात नसतो असं नाही. पण खरी धास्ती वेगळीच. टेल्मिसार्टन चालू असलेल्या माणसाच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम अधूनमधून बघावं लागतं. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यानं श्रावणात कडक उपास धरला, तर शुगर एकदम खाली येते. जुनी चिठ्ठी यातलं काहीच सांगत नाही. आणि काउंटरवर नेमकं आहे कोण? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं, गोळ्या देणारा तिसराच, हे तर सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. १९४८चा फार्मसी कायदा मात्र औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं मानतो.

तेच डॉक्टर ओपीडीतली गर्दी ओसरल्यावर जरा मोकळेपणानं बोलतात. बीपी महिनोन्महिने ताब्यात असलेल्या माणसानं नुसती तीच गोळी लिहून घ्यायला मजुरी बुडवावी का? इथं त्यांचा आवाज मऊ होतो.

इंग्लंडमध्ये यावर २००५ पासून एक वाट आहे. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर वर्षभरापर्यंतच्या गोळ्या एकदम मंजूर करतात. फार्मासिस्ट त्या ठरल्या मुदतीनं देतो, आणि दर वेळी विचारतो, तब्येतीत काही बदल? नवीन औषध काही सुरू झालंय?

आपल्याकडे अशी सोय नाही, असं वाटेल. पण १९४५च्या औषध नियमांतला नियम ६५ बघा. चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, पण डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर पुन्हाही देता येतं. किती वेळा, किती दिवसांनी, हेही त्यांनीच लिहायचं. औषध दिल्यावर दुकानाचं नाव आणि तारीख त्याच कागदावर पडली पाहिजे. एका ओळीचं काम. मावशीच्या चिठ्ठीवर ती ओळ नाही. फार्मासिस्टवर चिडणाऱ्या डॉक्टरांनी आधी आपलं पेन बघावं, असं आम्हाला वाटतं.

कारण एक गोष्ट डॉक्टरला दिसत नाही, ती काउंटरवर दिसते. ती कंबरेची गोळी. उन्हात दिवसभर कोयता चालवायचा, पाणी बेताचं, त्यात टेल्मिसार्टन आणि वर रोजची डायक्लोफेनॅक, म्हणजे तीच कंबरेची वेदनाशामक गोळी. हे सगळं मिळून मूत्रपिंडावर येतं. दोन्ही गोळ्या एकाच कागदी पुडीत बांधणारा माणूस एकच असतो.

"मावशी, ही कंबरेची रोज घेता का?"

त्यानं विचारलं खरं. पण तेवढ्यात मुकादमाचा हॉर्न वाजला.

चिठ्ठी घडी होऊन पुन्हा कॅरीबॅगेत गेली. आजची तारीख तिच्यावर कुणी टाकली नाही.